लाभ

एमओटीच्या कागदावर तळाशी एक ओळ:
पुढचं डावं चाक, ट्रॅक रॉड एंड, किंचित प्ले.
नापास नव्हे, नुसता सल्ला.
सल्लाच ना, तू म्हणालास, बघू.
खांदा पहिल्यांदा दुखला तेव्हाही
तू हेच म्हणाला होतास.

आता खांदा आखडलाय. कंगवा डोक्यापर्यंत पोचत नाही,
तुझ्या बसचं स्टिअरिंग चार महिने दुसऱ्याच्या हातात,
आणि गॅरेजवाला एका सांध्याचे एकशे साठ पौंड सांगतो.
तेव्हा रविवारी सकाळी
ग्रिम्सबीच्या बोचऱ्या, मासळीच्या वाऱ्यात
जमिनीवर आडवी मी, वर टॉर्च धरून तू.
एक सांधा हलत नाही म्हणून,
एक नको तितका हलतो म्हणून.

चाक दोन्ही बाजूंनी धरून हलवलं.
टक्.
फ्रीमन स्ट्रीटच्या प्रत्येक खड्ड्यात ऐकलेला हाच टक्.
मी इतके दिवस डिकीतल्या बरणीला दोष देत होते.
रबरी टोपीला नखाएवढी चीर.
तेवढ्यातून ग्रीस गेलं, पाणी आलं,
हिवाळाभर रस्त्यावर फेकलेलं मीठ आलं.
वीस वर्षं आपण या देशाचं मीठ खाल्लं;
गाडीला मात्र मिठानंच खाल्लं.

शेजारचे हेडली, ट्रॉलरची इंजिनं सांभाळून निवृत्त झालेले,
कुंपणावरून स्प्लिटर देऊन गेले, सोबत एक वाक्य:
काढताना फेरे मोजा, मिसेस देवणे,
जितक्या फेऱ्यांनी निघेल, तितक्याच फेऱ्यांनी बसवा.
थांबले नाहीत. त्यांचं मटण ओव्हनमध्ये होतं.

नट निघाला. स्प्लिटर आवळत गेले, आवळत गेले,
काहीच होईना, आणि मग
बंदूक सुटावी तसा खाडकन सुटला सांधा.
तू दचकून टॉर्च माझ्या पोटावर टाकलास.
हसलो. बऱ्याच दिवसांनी.

मग फेरे. मोजायचं काम तुझं.
तू सुरुवात केलीस: लाभ.
बार्शीच्या अडतीवर तुमच्याकडे
ज्वारीच्या पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नसे,
आणि इथे, या गंजक्या आट्यांवर,
तुझ्या तोंडून तेच निघालं.
ऐकायला इतकं बरं वाटलं
की मी मोजलंच नाही.

जुना सांधा तळहातावर घेतला.
मान लुळी, नेईल तिकडे पडणारी.
नव्याची मान दोन्ही अंगठ्यांनी वळवावी लागली.
माझा उगाच समज होता की चांगला सांधा सहज हलतो.
तो थोडा नकार देऊन हलतो.
डबा उलटा करून पाहिला, भोसरीचा असेल म्हणून.
तुर्कस्तान.

आट्यांना ग्रीस चोपडलं, फिरवायला घेतला.
किती?
अठरा, तू म्हणालास.
लाभ धरून?
तू गप्प.
लाभानंतर तू दोन म्हणालास की एक?
म्हणजे काय, दोन!
पण त्या 'म्हणजे काय'लाही किंचित प्ले होता.
मी म्हटलं, एकोणीस.
बघता बघता त्या एका फेऱ्यावर येऊन बसलं
हळदीच्या दिवशीचं, व्हिसाच्या वेळचं,
तुझ्या बहिणीला पाठवलेल्या पैशांचं.
बोटं गारठली होती.
साडेअठरा, मी म्हटलं, आणि लॉकनट आवळला.
टॉर्क पाना कट् म्हणाला. तू काहीच म्हणाला नाहीस.

संध्याकाळी क्लीथॉर्प्सपर्यंत नेऊन आणली.
टक् नाही. गाडी सरळ,
फक्त स्टिअरिंग जरा डावीकडे कललेलं,
बाराला एक मिनिट कमी असावं तसं.
तू धड असलेला उजवा हात पुढे करून
ते सरळ करून पाहिलंस,
आणि गाडी फुटपाथकडे निघाली.

मंगळवारी ट्रॅकिंग करून घेतलं. पंचेचाळीस पौंड.
मशीनवरचा पोरगा म्हणाला,
जवळपास बरोबर होतं, अर्धा फेरा फिरवला.
कुठल्या बाजूला, ते मी विचारलं नाही.